गाव बरोबर घेऊन आलेली माणसे : मुंबईच्या कॅथलिकांची कहाणी

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मुंबईच्या कॅथलिकांचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. वडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली मराठी घराणी ही मुळात गाव सोडून आलेल्यांचीच लेकरे. कोणाचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, कोणाचे दरबारच्या चाकरीत, कोणाचे सयाजीराव महाराजांच्या काळात शाळा-कचेऱ्यांतून. आल्यावर त्यांनी देव मांडले, मंडळे काढली, नाटके बसवली, ग्रंथालये उभी केली. दुसऱ्या कोणी परक्या गावात हेच कसे केले, त्यातले काय टिकले आणि काय टिकले नाही, हे पाहिले की आपलेही आपल्याला नीट दिसते. त्यासाठी फार दूर जायला नको. रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी जिथे उतरतो, त्या मुंबईतच याचे एक मोठे उदाहरण आहे.

आपल्यापैकी अनेकांचा समज असा की, मुंबईतला कोणी डिसोझा किंवा परेरा म्हटला की तो गोव्याचा. पण उत्तनच्या किनाऱ्यावरचा डिसोझा पिढीजात मराठी बोलत आलेला असतो. धोबी तलावचा डिसोझा कोंकणी बोलतो आणि ती रोमन लिपीत लिहितो. तिसरा डिसोझा मंगळूरचा; त्याचीही भाषा कोंकणी, पण लिपी कानडी. आडनाव एकच, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. धर्म एक, पंथ एक, पोपही एकच. तरीही ही माणसे शतकभराहून अधिक काळ एकाच शहरात वेगवेगळ्या चर्चमधून, वेगवेगळ्या संस्थांतून आणि वेगवेगळ्या भाषांतून राहिली.

मूळचे कोण?

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मुंबईची बेटे त्यातच आली. पुढच्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी वसई, साष्टी आणि मुंबई या भागात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे घडवली. शेतकरी, कोळी, कारागीर आणि काही उच्चवर्णीय घराणीही ख्रिस्ती झाली. या लोकांची भाषा मराठीच राहिली. लग्नातली गाणी मराठी, हळद होती, आणि लग्नाआधी विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधीही राहिला.

१६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. साष्टी आणि वसई मात्र पोर्तुगिजांकडेच होती. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्या विजयानंतर तिथल्या ख्रिस्ती रयतेचे काय झाले, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. शरणागतीच्या अटींत त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. युरोपीय संघांचे धर्मगुरू निघून गेले आणि चर्चची जबाबदारी स्थानिक व गोव्याच्या देशी धर्मगुरूंवर आली. गाव मराठ्यांच्या अमलात आणि सकाळची मिस्सा चर्चमध्ये, अशी ही माणसे जगली. १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली आणि हा समाजही मुंबईच्या राज्यकर्त्यांच्या छायेत आला.

एक शहर, दोन बिशप

या मूळ समाजावर धर्माधिकार कोणाचा, यावरून जे भांडण झाले ते दोनशे वर्षे चालले. पूर्वेकडील देशांत बिशप नेमण्याचा आणि चर्च चालवण्याचा हक्क पोपने पूर्वीच पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. पुढे १६२२ साली रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचे खाते उघडले. ते ‘प्रोपगांडा’ या नावाने ओळखले जाते. आता एका बाजूला गोव्याचा आर्चबिशप आणि पोर्तुगालचा राजा, दुसऱ्या बाजूला थेट रोमने पाठवलेले धर्माधिकारी, असे दोन हक्कदार झाले.

मुंबईत इंग्रजांना पोर्तुगीज धर्मगुरूंचा भरवसा वाटेना. आपल्या बेटावर दुसऱ्या राजाशी इमान असलेली माणसे कशाला, असा त्यांचा विचार. १७२० साली त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बाहेर काढले आणि रोमकडून आलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंना चर्च सोपवली. तक्रारी, अर्ज, उलट अर्ज असे चालत राहिले. शेवटी १७९४ साली चार मुख्य चर्चची सरळ वाटणी झाली, दोन याच्याकडे आणि दोन त्याच्याकडे. माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्वासांव पाद्रोआदोकडे गेले. भुलेश्वर भागातले एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकल प्रोपगांडाकडे. दादरचे साल्वासांव चर्च म्हणजेच गोखले रस्त्यावरचे ते ‘पोर्तुगीज चर्च’. मुंबईचा कोणताही नातेवाईक घराचा पत्ता सांगताना त्याचे नाव घेतो. आजची तिथली इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात बांधलेली आहे, पण नावात ते जुने भांडण अजून जिवंत आहे.

भांडण कागदावरच राहिले असेही नाही. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून वाद इतका पेटला की, प्रोपगांडाचे स्विस बिशप हार्टमन चर्चमध्येच कोंडून बसले आणि विरोधी पक्षाने बाहेरून वेढा घातला. हे कित्येक दिवस चालले. अखेर इंग्रज सरकारला मध्ये पडावे लागले. १८८६ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुंबईला आर्चबिशप मिळाला, पण पाद्रोआदोची चर्च त्याच्याकडे आली नाहीत. ती दमणच्या बिशपकडे गेली. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाचा धर्माधिकारी मुंबईत, दुसऱ्याचा दमणला.

सामान्य माणसाला या वादाचे काय? पुष्कळ. धर्मगुरू कोणत्या देशाचा, प्रवचन कोणत्या भाषेत, लग्न कोणाच्या वहीत नोंदले जाणार, प्रेत कोणत्या दफनभूमीत जाणार, हे सगळे त्यावर ठरे. पाद्रोआदोच्या चर्चमध्ये गोव्याचा धर्मगुरू असे, कोंकणी समजणारा. दुसऱ्या बाजूला आधी इटालियन आणि नंतर जर्मन. राजाराजांतला तंटा लोकांच्या दृष्टीने ‘आपला’ आणि ‘परका’ यांचा तंटा झाला.

गोवेकर येतात

याच सुमारास गोव्याहून माणसांचा ओघ सुरू झाला होता. पोर्तुगिजांची सत्ता तिथे राहिली, पण तिच्यापाशी रोजगार उरला नव्हता. जमीन भाटकारांकडे म्हणजे जमीनदारांकडे होती. मुंबईत मात्र गोदी, रेल्वे, गिरण्या, साहेबांची घरे आणि दूर देशी जाणारी जहाजे होती. गोव्याच्या कॅथलिक माणसाला गोमांस-डुकराचे मांस शिजवण्याला धर्माची आडकाठी नव्हती, पाश्चात्त्य कपडे शिवता येत आणि समुद्र ओलांडण्याचा निषेधही नव्हता. त्यामुळे आचारी, बटलर, आया, शिंपी, पाववाले आणि खलाशी म्हणून ही माणसे लवकर रुळली. शिकलेले होते ते कारकून, शिक्षक आणि डॉक्टर झाले.

वादकांची गोष्ट तर स्वतंत्र लिहावी अशी. गोव्यात चर्चला जोडून संगीताची शाळा असे. तिथे मुलगा लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिके. ही विद्या घेऊन आलेल्यांनी मुंबईच्या हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जागा मिळवली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली नावे. आपण ज्यांना जुनी हिंदी गाणी म्हणतो, त्यांच्या वाद्यमेळाची मांडणी करणारे हात पुष्कळदा गोव्याच्या चर्चमध्ये तयार झालेले होते.

कूड

पण मुंबईत उतरलेल्या खलाशाने रात्री जायचे कुठे? त्याने शोधलेले उत्तर म्हणजे ‘कूड’. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एका गावच्या लोकांनी मिळून धोबी तलाव, काव्हेल, डाबूळ, माझगाव अशा भागांत चाळीतली एखादी मोठी खोली भाड्याने घ्यायची, आणि ती त्या गावच्या माणसांसाठी कायमची उघडी ठेवायची. बाहेर पाटीवर ‘क्लब’ लिहिलेले असे, म्हणून ‘गोवेकरांचे क्लब’ असेही म्हणत. धोबी तलावची जेर महाल ही जुनी इमारत अशा कुडांसाठी प्रसिद्ध आहे. एकेकाळी शहरात अशा शेकडो कुडा होत्या.

आत थाटमाट काही नसे. भिंतीला लागून ओळीने पेट्या मांडलेल्या. ज्याची त्याची पेटी हेच त्याचे घर. रात्री चटई किंवा गादी पसरायची, सकाळी गुंडाळायची. एका बाजूला वेदी, तिच्यावर गावच्या चर्चच्या संताची मूर्ती. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून कोंकणीत ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची. गावच्या संताचे ‘फेस्त’ गावात ज्या दिवशी, त्याच सुमारास कुडीतही. वर्गणी अगदी नाममात्र. जहाजाचे बोलावणे आले की खलाशी पेटी तिथेच ठेवून जाई आणि वर्षाने परत आला की पेटी जागच्या जागी मिळे. काम नसलेल्या माणसाला काम मिळेपर्यंत अंग टाकायला जागा, आजाऱ्याला गावचे माणूस, मेलेल्याला खांदा देणारे हात, हे सगळे त्या एका खोलीत होते.

कुडीला दुसरी बाजूही होती. दुसऱ्या गावच्या माणसाला तिथे सहसा जागा नसे. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही जातिभेद टिकून होता आणि काही कुडांत गावाबरोबर जातही आली होती. आपल्याकडच्या ज्ञातींच्या वाड्या आणि वसतिगृहे आठवली तर याचे नवल वाटणार नाही. स्थलांतरित माणूस आपले गाव नेतो तेव्हा गावातले निवडक तेवढेच घेत नाही.

‘आम्ही ईस्ट इंडियन’

गोव्याहून आणि मंगळूरहून येणाऱ्यांची संख्या वाढली तशी मुंबई-साष्टीतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजात अस्वस्थता वाढली. सरकारी कागदोपत्री सगळ्यांनाच सरसकट ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणत. नावे सारखी, धर्म सारखा. त्यामुळे रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला अर्ज करणारे सगळे एकाच रांगेत. मूळच्या लोकांचे म्हणणे असे की, आम्ही इंग्रज सरकारची पिढीजात प्रजा, आणि नोकऱ्या परराज्यातून आलेल्यांना जातात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, त्या मुहूर्तावर त्यांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. भूमिपुत्र आणि उपरे हा वाद मुंबईत विसाव्या शतकात सुरू झाला असे आपण समजतो. तो एकाच चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता.

या नामकरणातली विसंगती पाहण्यासारखी आहे. आपण इथले मूळचे, हे ठसवण्यासाठी या मराठीभाषक समाजाने नाव घेतले ते इंग्रजी. त्याच काळात इंग्रजी शाळा, इंग्रजी नोकरी आणि इंग्रजी प्रार्थना यांमुळे शहरातल्या ईस्ट इंडियन घरांतून मराठी हळूहळू मागे सरकली. गावठाणांतल्या म्हाताऱ्या बायका, लग्नातली गाणी आणि बाटलीत भरून ठेवलेला मसाला यांत ती उरली. आपले घर, विहीर, शेत न सोडता एका समाजाची घरची भाषा बदलली.

तियात्र

गोवेकरांचे नेमके उलट झाले. गोव्यात कोंकणीला मान नव्हता. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तिच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला होता आणि पुढेही दरबार, शाळा, प्रतिष्ठा हे सगळे पोर्तुगीज भाषेचे होते. त्यामुळे कोंकणीतले पहिले नियतकालिक गोव्यात निघालेच नाही. ‘उदेंतेचें साळक’ म्हणजे पूर्वेचे कमळ, हे १८८९ साली एदुआर्द ब्रूनो डिसोझा यांनी काढले, आणि तेही आपल्या पुण्यात.

कोंकणी रंगभूमीचेही तसेच. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझीन रिबेरो यांनी ‘इटालियन भुरगो’ हे कोंकणी नाटक सादर केले. ‘तियात्र’ या प्रकाराचा जन्म तो. प्रवेशांच्या मधूनमधून ‘कांतारां’ म्हणजे गाणी, राज्यकर्त्यांवर आणि भाटकारांवर टीका, विनोद आणि रडारड, असा त्याचा घाट. इटालियन ऑपेरा, पारशी नाटके आणि गावच्या खेळांची आठवण असे सगळे मुंबईतच त्याच्यात मिसळले. ज्यांना ‘तियात्राचे जनक’ म्हणतात त्या जुआंव आगुश्तीन फर्नांडिस यांचे पहिले नाटक काव्हेलच्या सुंदरीवर होते, विषयही मुंबईचाच. १९०४ साली त्यांच्या ‘भाटकारा’ या नाटकात त्यांच्या पत्नी रेजिना यांनी भूमिका केली. त्या तियात्रातल्या पहिल्या स्त्री कलाकार मानल्या जातात. आपल्या संगीत रंगभूमीवर त्याच काळात बालगंधर्वांचा उदय होत होता आणि स्त्रीभूमिका पुरुषच करत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

इथे गोव्याच्या हिंदूंचीही आठवण ठेवली पाहिजे. तेही याच मुंबईत, याच गिरगावच्या आसपास आले. १९१९ साली त्यांनी गोवा हिंदू असोसिएशन स्थापन केली, आणि पुढे तिने ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ सारखी नाटके मराठी रंगभूमीला दिली. एकाच प्रांतातून निघालेली दोन माणसे, एक मराठी नाटक करतो, दुसरा कोंकणी तियात्र. दोघांनाही रंगमंच मिळाला तो घरापासून दूर.

मंगळूरकर आणि एक मराठी पुराण

मंगळूरचे कॅथलिक मुंबईला आले तेव्हा ते दुसऱ्यांदा स्थलांतर करत होते. त्यांचे पूर्वज सोळाव्या ते अठराव्या शतकात गोव्याहून कानडी मुलखात गेले. इन्क्विझिशनची भीती, दुष्काळ, रोगराई आणि लढाया ही त्याची कारणे सांगतात. १६८३ सालची संभाजी महाराजांची गोव्यावरची स्वारीही त्यांत येते. पुढे १७८४ साली टिपू सुलतानाने त्यांच्यातल्या हजारोंना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. इतके सोसून हा समाज कोंकणी बोलत राहिला, कानडी लिपीत ती लिहू लागला, आणि विसाव्या शतकात मुंबईत आला तेव्हाही तिच्यातच बोलत होता. मंगळूरहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिसांनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांचा पराभव केला. ते याच समाजातले.

या लोकांनी जपलेली एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात रायतूर येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले. त्याची भाषा मराठी. गोव्यात देशी भाषांवर बंधने आली तसा हा ग्रंथ तिथे मागे पडला, पण कानडी मुलखात गेलेल्या कॅथलिक घरांतून त्याची हस्तलिखिते राहिली आणि वाचली गेली. १९०७ साली त्याची छापील आवृत्ती निघाली ती मंगळूरहून, जोसेफ साल्ढाणा यांनी संपादित केलेली. मराठीतला हा थोर ग्रंथ आपल्या हाती सुखरूप आला तो घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि भोवती कानडी ऐकणाऱ्या माणसांच्या हातून.

एकी होते, भाषा उरतात

दोन बिशपांचे राज्य १९२८ साली संपले. दमणच्या धर्मप्रांताचा ब्रिटिश मुलखातला भाग मुंबईत विलीन झाला. आर्चबिशप मात्र आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असा नेमायचा, अशी तडजोड झाली. लोक सगळे भारतीय, आणि गादीवर बसणारा यांपैकी कोणीतरी. धर्मगुरूंतही अनेक देश होते. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली जर्मन जेझुइटांनी सुरू केले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मनांना शत्रू म्हणून नजरकैदेत टाकले, परत पाठवले, आणि त्यांच्या जागी स्पॅनिश आले. सिंधू संस्कृतीचे अभ्यासक फादर हेरास १९२२ साली आले, ते स्पेनमधून.

आळीपाळीची ही पद्धत १९५० साली संपली. त्या वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल. त्यांचा जन्म कराचीचा, आईवडील गोव्याचे. दोनशे वर्षांचे भांडण मिटल्यावर गादीवर बसला तो एका स्थलांतरित कुटुंबाचा मुलगा.

१९६० च्या दशकात दुसरा मोठा बदल झाला. तोवर मिस्सा जगभर लॅटिनमध्ये होई. ती कोणालाच धड समजत नसे, त्यामुळे तिच्यावरून भांडणही नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत उपासना करण्याची मोकळीक मिळाली आणि मुंबईत लगेच प्रश्न आला : लोकभाषा म्हणजे कोणती? इंग्रजी, कोंकणी, मराठी, तमिळ, हिंदी? धारावीतल्या तमिळ कॅथलिकांची भाषा एक, कुलाब्याच्या घरांची दुसरी. उत्तर निघाले ते वेळापत्रकाचे. एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या तासांना वेगवेगळ्या भाषा. माहीमच्या ज्या सेंट मायकल चर्चला एकेकाळी वेढा पडला होता, तिथे आता दर बुधवारी नोव्हेनाला अनेक भाषांत प्रार्थना होते आणि रांगेत हिंदू-मुसलमानही असतात. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास भरते, पुष्कळदा आपल्या गणेशोत्सवाच्या आगेमागे. कोळी बायका तिला ‘मोत माउली’ म्हणतात आणि नवसाच्या मेणबत्त्या वाहतात.

१९८८ साली केरळच्या सीरो-मलबार परंपरेच्या कॅथलिकांसाठी कल्याण हा वेगळा धर्मप्रांत झाला. म्हणजे त्याच भूमीवर पुन्हा दोन बिशप. पण या वेळी वेढा पडला नाही. त्यांची उपासना वेगळी, भाषा वेगळी, तर व्यवस्था वेगळी असू द्या, एवढे शहाणपण आले होते. १९९८ साली वसईचा धर्मप्रांत झाला. तिथे सामवेदी आणि वाडवळी बोलणारी गावे आहेत, उपासना मराठीत होते, आणि तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले.

आपल्यासाठी यात काय?

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट ठळक दिसते. आपण म्हणतो, महाराष्ट्रापासून दूर राहिल्यामुळे मुलांची मराठी सुटते. पण अंतराने भाषा जात असती तर मंगळूरकरांची कोंकणी तीनशे वर्षांपूर्वीच जायला हवी होती, आणि मुंबईच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियनाची मराठी कधीच जायला नको होती. भाषा जाते ती तिला रोजचे काम उरत नाही तेव्हा. कुडीत कोंकणीला काम होते : संध्याकाळची प्रार्थना, नोकरीची बातमी, गावाला पाठवायचे पत्र, रविवारचे तियात्र. कोणी तिथे कोंकणी जपायला जात नव्हते. राहायला, जेवायला, काम शोधायला जात होते आणि ते सारे कोंकणीत होत होते.

तशी कूडही अमर ठरली नाही. गोवा १९६१ साली मुक्त झाला, मग आखाती देशांच्या वाटा उघडल्या, कोंकण रेल्वे आली, आणि मुंबईत पेटी ठेवून जहाजाची वाट पाहणारा माणूस कमी झाला. काही कुडा आजही चालू आहेत, पुष्कळ ओस पडल्या किंवा हातच्या गेल्या. मात्र त्या खोल्यांत राहणाऱ्यांनी ज्याला टाळ्या दिल्या ते तियात्र गोव्यात परत गेले आणि आज तिथे ते जोरात आहे. छप्पर गेले तरी त्याच्याखाली जे घडले ते राहिले.

म्हणून आपल्या मंडळाबद्दल विचारायचा प्रश्न, हॉलला रंग कधी काढायचा यापेक्षा मोठा आहे. आपल्या नातवंडांना मराठीची गरज आज कुठे पडते? आरती पाठ असते, आजीशी दोन वाक्ये होतात, आणि मग घरातला बाकीचा दिवस गुजराती-इंग्रजीत जातो. दहा दिवसांच्या उत्सवात मुलांनी मराठीत करायचे खरे काम किती असते? निवेदन, हिशेब, नाटकाची तालीम, वर्गणीची यादी, पाहुण्यांची पत्रे यांतले काय आपण त्यांच्या हातात देतो?

आणखी एक. कुडांत पाळलेल्या वह्या, कोण आले, कोण जहाजावर गेले, कोणाची पेटी परत न्यायला कोणी आलेच नाही, यांतल्या कितीतरी वह्या खोल्यांबरोबर गेल्या. आपल्या घरांतही जुन्या सभांचे वृत्तांत, नाटकांचे कार्यक्रमपत्रक, वर्गणीच्या पावत्या माळ्यावर पडून आहेत. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत त्या खाली काढून मंडळात आणून द्याव्यात, आणि त्यांची यादी करण्याचे काम आपल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांनी मराठीत करावे, अशी आमची सर्व घरांना विनंती आहे. आपण इथे कसे आलो आणि कसे राहिलो, हे त्यांना आपल्याच कागदांतून कळेल.

गणपती बाप्पा मोरया!